तीन सिंहांची लग्नपत्रिका

“खांबेटे, हे सिंह इथं कोणी बसवले?”

शरच्चंद्र ओगल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून लग्नपत्रिका डोळ्यांजवळ नेली होती. श्यामसुंदर खांबेटे मनातल्या मनात सुखावला. सकाळपासून सात घरी अक्षता दिल्या होत्या; पण वरच्या ‘श्रीगजानन प्रसन्न’च्या उजव्या अंगास छापलेल्या त्या तीन सिंहांविषयी एकाही यजमानाने अवाक्षर काढले नव्हते. गुणाची पारख गुणवंतासच असते, हे वचन काही खोटे नव्हे. ओगले म्हणजे केंद्र सरकारच्या व्यापारखात्यातील अधिकारी. नागपूरकडून बदली होऊन दोन वर्षांपूर्वी कलकत्त्यास आले आणि अलीपूरच्या सरकारी बंगल्यात राहिले.

“मीच बसवले, साहेब,” तो नम्रपणे म्हणाला. “छापखानेवाला म्हणाला, सिंहांचा ठोकळा कुठून आणू? मी म्हटलं, आमच्या कचेरीचा आहे ना! गणपती आपल्या घरचा, सिंह आपल्या खात्याचे. मुलीच्या लग्नाला दोघांचा आशीर्वाद असावा.”

आतल्या दाराशी प्रेमलताबाई ओगले आणि श्यामसुंदरची पत्नी कालिंदी परस्परांस कुंकू लावीत होत्या. प्रेमलताबाईंना हसू आवरेना. “अहो कालिंदीबाई, किती बंगाली बोलता हो तुम्ही! ‘मिष्टी’ नका आणू लग्नात, जिलबी आणा. वऱ्हाडी लोक रुसतील.”

“आणीन की! मठ्ठाही आणीन,” कालिंदी म्हणाली. तिचे अर्धे लक्ष मात्र बाहेरच्या खोलीकडे होते.

ओगले पत्रिकेतील पुढील ओळ वाचू लागले. “श्यामसुंदर विनायक खांबेटे, अधीक्षक, युनियन सेंट्रल सप्लाय ब्यूरो, एस्प्लनेड, कलकत्ता.” त्यांनी पत्रिका गुडघ्यावर ठेवली. “हे कोणत्या मंत्रालयाखाली येतं?”

“ते... श्रीकांतला ठाऊक. श्रीकांत सबनीस, आमचे मुख्य.”

“तुमचा पगार कोण देतं?”

“श्रीकांत देतो.”

“सरकारचा पगार श्रीकांत देत नसतो, खांबेटे.”

हे शब्द ओगल्यांनी रागाने उच्चारले नव्हते. एखादा वैद्य नाडी पाहून जितक्या शांतपणे बोलतो, तितक्याच शांतपणे ते बोलले. पुढे म्हणाले, “गेल्या साली दिल्लीस कायदा झाला. धंद्याला, दुकानाला, मालाला राजमुद्रा लावायची नाही. आणि ज्या नावावरून लोकांना वाटेल की यामागं सरकार उभं आहे, असं नावही धंद्याला द्यायचं नाही. परवानगी असेल तर गोष्ट वेगळी.”

“आम्हाला परवानगी कशाला हवी, साहेब? बापाच्या घरात शिरताना पोरगा परवानगी मागतो का?”

ओगले हसले नाहीत. श्यामसुंदरचे हसू मात्र ओठांवरच थिजले.

“पाहिलं नाही असं मला करता येत नाही,” ओगले अखेर म्हणाले. “तुम्ही अक्षता घेऊन दारी आलात, आणि मी हे बोलतोय. माझ्यासारखा करंटा मीच. पण उद्या दुपारी मला तुमच्या कचेरीत यावं लागेल. नाही आलो तर मला झोप लागायची नाही.” मग ते म्हणाले, “आलो तर तुम्हाला लागायची नाही.”

परत येताना ट्राममध्ये कालिंदी खिडकीकडे तोंड करून बसली होती. श्यामसुंदर म्हणाला, “मोठी माणसं. त्यांना दुसऱ्याचं खातं ठाऊक नसतं. उद्या श्रीकांत समजावून देईल.”

येथे श्यामसुंदरचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्याचा जन्म कलकत्त्याचाच. वडील पेशवाईतील गोष्टी सांगत सांगत भवानीपुरातील भाड्याच्या दोन खोल्यांत वारले, आणि इंग्रजी सहावीतच मुलाची शाळा सुटली. पुढे तो बजबजच्या एका तागाच्या गिरणीत गाठी तोलणारा कारकून झाला. वीस वर्षे तो पहाटेची गाडी पकडून जाई आणि केसांत तागाचे तंतू घेऊन परत येई. नोकरी बारीक होती, परंतु पायाखालच्या दगडासारखी घट्ट होती.

कलकत्त्यातील मराठी माणसे त्या काळी दोन जातींची होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. एक बदलीवर येणारी. बँकेतील, रेल्वेतील, सरकारी खात्यांतील. दुसरी येथेच जन्मून येथेच उरणारी. त्यांच्या मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्या जातीस खुर्च्या मिळत, दुसऱ्या जातीस सतरंजी. असा नियम कोणी लिहिला नव्हता. म्हणूनच तो कोणी मोडीत नसे.

अशा वेळी श्रीकांत सबनीस आला. आई वारल्यावर हा श्रीकांत चार वर्षे श्यामसुंदरच्या घरी जेवला होता. श्यामसुंदरच्या आईने दोघांना एका ताटात वाढले होते. लढाईत श्रीकांतने लष्कराला कसला तरी माल पुरवून बस्तान बसविले होते. प्रजासत्ताक झाले त्या उन्हाळ्यात तो भवानीपुरास मोटारीतून आला आणि म्हणाला, “श्याम, किती दिवस ताग हुंगणार? मोठं काम हाती घेतलंय. दिल्लीपर्यंत हात पोचलेत. तुझ्यासारखा भरवशाचा माणूस अधीक्षक म्हणून हवाय.” श्यामसुंदरने गिरणीचा राजीनामा दिला. साहेबाने “विचार करा” म्हणून दोनदा सांगितले, तरी दिला.

एस्प्लनेडची ती कचेरी पाहून कोणाचाही विश्वास बसला असता. दारावर निळा फलक, त्यावर सोनेरी सिंह. दाराशी लाल पट्ट्यावर पितळी बिल्ला लावलेला रामलगन चपराशी. टेबलांवर लाल फितीने बांधलेल्या फायली. लढाईतून उरलेल्या घोंगड्या, ताडपत्र्या, मच्छरदाण्या तेथे विकल्या जात. स्वातंत्र्यदिनी श्यामसुंदरने स्वतः गच्चीवर ध्वज उभारला होता, आणि सलामी देताना त्याचे डोळे भरून आले होते. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात कोणीतरी म्हणाले, “खांबेटे, इकडं या, खुर्चीवर बसा.” तो बसला. आणि त्याच खुर्चीच्या बळावर गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतील हेडक्लार्क बिवलकर यांचा मुलगा शशिकांत याच्याशी नलिनीचे लग्न ठरले. बिवलकरांनी हुंडा मागितला नाही. एवढेच म्हणाले, “आमच्या घरात आजवर सरकारी माणसांशीच सोयरीक झाली. तुम्हीही आपलेच.”

आता लग्नास आठवडा उरला होता.

सोमवारी सकाळी श्यामसुंदर नित्यापेक्षा लवकर कचेरीत पोहोचला. रामलगन चिंच लावून आपला बिल्ला घाशीत होता.

“रामलगन, एक बात सच बताओ. ये दफ्तर सरकारी है ना?”

रामलगनने मान वर केली आणि तो खो खो हसत सुटला. “बाबू, सवेरे सवेरे दिल्लगी! ये बिल्ला चांदनी बाजार का है. मालिक खुद खरीद के लाए. हमसे बोले, मूँछ बढ़ाओ, तब सरकारी लगोगे.” मग श्यामसुंदरचा चेहरा पाहून त्याचे हसू हळूहळू विझले. “बाबू... आप को मालूम नहीं था?”

श्यामसुंदर आत जाऊन खुर्चीवर बसला. एवढ्यात श्रीकांत आला. रेशमी सदरा, तोंडात विडा. ओगल्यांची हकीकत ऐकताना त्याच्या कपाळावर एक आठी उमटली आणि लगेच मावळली.

“बरं झालं आधी सांगितलंस. पेंटरला बोलावतो. ‘युनियन’चं ‘युनिक’ करून टाकू. इंग्रजीत पहिली तीन अक्षरं तीच राहतात, रंग वाचतो.”

“म्हणजे आपण सरकारी नाही?”

“मी तुला कधी म्हटलं, सरकारी आहोत म्हणून?”

श्यामसुंदर आठवू लागला. वर्षभरातील एकेक संभाषण त्याने मनात उलथेपालथे करून पाहिले. खरोखरच, श्रीकांतने तो शब्द कधीही उच्चारला नव्हता. तो दिल्ली म्हणाला होता, वरची माणसे म्हणाला होता, देशाचे काम म्हणाला होता. उरलेला शब्द श्यामसुंदरनेच आपल्या पदरचा घातला होता, आणि श्रीकांतने तो पडू दिला होता.

“मी गावभर सांगत होतो. तू ऐकत होतास.”

“ऐकत होतो! तुझा आनंद बघत होतो मी. मोडायला जीव होईना.”

“श्रीकांत, मग मला गिरणीतून काढलंस कशाला? मला इंग्रजी बेताचं येतं, हिशेब साधा येतो. माझा उपयोग काय होता तुला?”

श्रीकांत टेबलाच्या कडेवर बसला. त्याचा आवाज मऊ झाला. आणि त्या मऊपणातच सगळा घात होता, हे श्यामसुंदरच्या फार नंतर ध्यानी आले. “तुझं तोंड, श्याम. तुझ्या तोंडाकडं बघून कुणालाही वाटतं, हा माणूस खोटं बोलणार नाही. असलं तोंड पगार देऊन मिळत नाही रे. लोक फलक बघून आत यायचे, पण माल तुझं तोंड बघून न्यायचे.”

श्यामसुंदरच्या डोळ्यांपुढे निवारणबाबू उभे राहिले. जादवपुरातील निर्वासितांच्या वस्तीत मुलांना शिकविणारा तो वाळलेला मास्तर. त्याने वस्तीसाठी घोंगड्या नेल्या होत्या. माल सरकारीच ना, असे नेताना विचारले होते, “सरकारी जिनिश तो, दादा?” श्यामसुंदरने छाती पुढे काढून सांगितले होते, “निर्धास्त न्या.” पंधरवड्याने मास्तर एक घोंगडी घेऊन परत आला. बोट लावताच तिचे तुकडे पडत होते. तेव्हा श्यामसुंदरने त्यालाच फटकारले होते: सरकारवर संशय घेता, शरम वाटत नाही? मास्तर वरमला होता. हात जोडून, क्षमा मागून, तीच घोंगडी काखेत घेऊन परत गेला होता.

“नलिनीचं लग्न...” एवढेच श्यामसुंदरच्या तोंडून निघाले.

“अरे, लग्नाला काय होतंय? ओगल्यांना मी सांभाळतो. बिवलकरांना सांगायची गरजच काय? लग्न लागेपर्यंत तू सरकारी. पुढचं पुढं. मी आहे ना!” श्रीकांतने त्याच्या पाठीवर थाप मारली. “एका ताटात जेवलोय आपण.”

दुपारी ओगले आले तेव्हा पेंटर शिडीवर होता आणि सिंहांवर निळा हात फिरत होता. श्रीकांत हात जोडून पुढे धावला. श्यामसुंदर आपल्या टेबलापाशी उभा राहिला. मनात म्हणाला, आता हा सांभाळील.

“या, या साहेब! नाव आम्ही बदलायचं योजलंच होतं. जुना फलक, कायद्याच्या आधीचा. आळस, दुसरं काय? आणि त्या पत्रिकेचं म्हणाल,” येथे श्रीकांतने एक निःश्वास सोडला, “तर कंपनीला त्याची वार्ताही नव्हती. आमचे खांबेटे भोळे आहेत. हौसेनं छापले सिंह. स्वतःला अधीक्षक म्हणवून घेतात, लोकांना सरकारी माल म्हणून सांगतात. मी कितीदा समज दिली! शेवटी आज सकाळीच त्यांना कामावरून कमी केलं. बालमित्र आहेत, जिवावर आलं. पण कायदा तो कायदा.”

पत्रिकेचा कच्चा छाप प्रथम श्रीकांतनेच पाहिला होता. “झकास! सिंह जरा मोठे कर,” असे म्हणाला होता.

ओगल्यांनी श्यामसुंदरकडे पाहिले. त्यांस सत्य काय ते उमगले असावे, कारण त्यांनी मान खाली घातली. “खांबेटे, तुम्हाला काही सांगायचं आहे?”

सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण आईने वाढलेले ते एक ताट मध्ये येऊन बसले, आणि घास अडकावा तसे शब्द अडकले. त्याने कोटाच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि तो जिना उतरला. दारात रामलगन उभा होता. त्याने आपला पट्टा काढून हातात धरला होता. बिल्ल्याशिवाय तो अगदी साधा, म्हातारा माणूस दिसत होता. त्याने वाकून सलाम केला. त्या दिवशी श्यामसुंदरला मिळालेला खरा मान एवढाच.

घरी कालिंदी अनारशांचे पीठ मळीत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. ती ओरडली नाही, तिने कपाळावर हात मारला नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “बसा तरी.”

“तुला आश्चर्य वाटलं नाही?”

कालिंदीने पिठावर फडके झाकले.

“कालिंदी!”

“सरलावहिनी बोलून गेल्या होत्या. दसऱ्याला सोनं द्यायला आल्या तेव्हा. ‘आमच्या ह्यांचं दुकान’ म्हणाल्या. मी म्हटलं, दुकान? तर जीभ चावली त्यांनी.”

सरलावहिनी म्हणजे श्रीकांतची बायको. दसऱ्यास सहा महिने लोटले होते.

“सहा महिने तुला ठाऊक होतं? त्यानंतर मी नलिनीचं लग्न ठरवलं, पत्रिका छापल्या, आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस?”

“कसा काढू?” तिचा आवाज प्रथमच चढला. “तुम्ही मंडळात खुर्चीवर बसलात ना, त्या रात्री घरी येऊन आरशासमोर टोपी घालून बघितलीत. पुन्हा काढलीत, पुन्हा घातलीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला असं एकट्यानं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. ते हसू मी मोडू? मी?”

श्यामसुंदर भिंतीस टेकून बसला. श्रीकांतही तेच म्हणाला होता: मोडायला जीव होईना. एकाने लोभाने केले, दुसरीने मायेने केले. पण मध्ये उभे राहून ज्याचे हसे झाले, तो माणूस एकच होता. वैऱ्याचा घाव माणूस अंगावर घेतो. घरच्या माणसाने प्रेमाने केलेला घाव कोणत्या अंगावर घ्यावा, हे त्याला कळेना.

“मी गार्डन रीचला जाऊन येतो,” तो उठत म्हणाला.

“अहो, पाया पडते तुमच्या! लग्न होऊ दे, मग सांगा. मोडलं तर पोरीला दुसरं स्थळ कुठून आणणार? या गावात मराठी घरं ती किती!”

नलिनी दारात उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळले नव्हते. एकोणीस वर्षांची मुलगी. मराठी बोलताना बंगाली हेल काढी, आणि त्याबद्दल सगळे तिला चिडवीत. ती म्हणाली, “जाऊ दे ना, आई, त्यांना. नाहीतर मी त्या घरी जाऊन रोज काय सांगणार? बाबा, छत्री घेऊन जा. ऊन फार आहे.”

गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत बिवलकर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होते. स्थूल, गोरे, शिस्तीचे गृहस्थ. श्यामसुंदरने पाणीदेखील घेतले नाही. आरंभापासून सांगितले, काही लपविले नाही. आपल्या अज्ञानाचे भांडवल केले नाही, की श्रीकांतला शिव्या दिल्या नाहीत. शेवटी म्हणाला, “मी सरकारी नव्हतो, आणि आता तर कोणीच नाही. आपल्याला लग्न मोडायचं असेल तर आज मोडा. मुलीचा दोष नाही, एवढं चार जणांत सांगा.”

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत राहिल्या. बिवलकर म्हणाले, “आणखी कुणाला सांगितलंत?”

“नाही.”

“मग सांगू नका.”

बिवलकरांनी पायाने झोपाळा थांबविला.

“माझे भाऊ नागपूर, जबलपूर, खरगपुराहून येतायत. मी सगळ्यांना कळवलंय, व्याही केंद्र सरकारात अधीक्षक आहेत. आता लग्न मोडलं तर माझी शोभा, आणि खरं सांगितलं तरी माझीच शोभा. शशिकांतला मुलगी पसंत आहे. तेव्हा लग्न होईल. तुम्ही अधीक्षक होतात, प्रकृतीमुळं निवृत्त झालात. पुढचं मी बोलेन.”

“पण मी आपल्याला खरं सांगायला आलो होतो.”

“सांगितलंत ना? तुमचं काम झालं.” बिवलकरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “आता ते माझं झालं. त्याचं काय करायचं ते मी बघेन.”

श्यामसुंदरला वाटले, आपण काळीज कापून या माणसाच्या ओंजळीत ठेवले, आणि याने ते रुमालात गुंडाळून खिशात टाकले. सत्य सांगितल्यावर माणूस एक तर जोडला जातो, नाहीतर तुटतो, असे त्याच्या आईने शिकविले होते. सत्य सांगूनही आपण पुन्हा फलकच होऊ, हे तिला बिचारीला कोठून ठाऊक असणार!

तो उभा राहिला. “अक्षता पडेपर्यंत मी गप्प राहीन, बिवलकर. मुलीसाठी राहीन. त्यापुढचा शब्द माझ्याकडं मागू नका.”

“लग्नानंतर कोण विचारतंय तुम्हाला?” बिवलकर म्हणाले, आणि त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता.

लग्न मंडळाच्या सभागृहात यथासांग लागले. श्रीकांत आला होता. रेशमी उपरणे घेऊन, पाहुण्यांना “या, बसा” करीत, जणू घरचेच कार्य! श्यामसुंदरच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “बघ, मी म्हटलं नव्हतं, सगळं सुरळीत होईल?” श्यामसुंदरने तो हात दोन बोटांनी उचलून बाजूस केला, आणि भटजींना काय हवे नको ते पाहू लागला. ओगले आले, नलिनीवर अक्षता टाकून, न जेवता निघाले. जाताना श्यामसुंदरपुढे ते किंचित थबकले. दोघांनी नमस्कार केला.

बिवलकर आपला शब्द पाळीत होते. प्रत्येक भावापुढे व्याह्यांना नेऊन ते म्हणत, “हे श्यामसुंदरपंत. केंद्र सरकारात अधीक्षक होते. प्रकृती साथ देईना, म्हणून सोडलं.” आणि श्यामसुंदर हात जोडी. लोक आदराने वाकत. त्या प्रत्येक नमस्काराबरोबर त्याला निवारणबाबूंचे जोडलेले हात दिसत.

पंगत बसली. बिवलकरांचे थोरले काका, नागपूरचे ऐंशीच्या घरातील तात्या, मानाच्या पाटावर होते. श्यामसुंदर आग्रह करीत पंगतीतून फिरत असता तात्यांनी त्याचा हात धरून त्याला जवळ बसवून घेतले.

“श्यामसुंदरपंत, एक मागणं आहे. माझा नातू मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलाय. अर्ज करकरून थकला. तुम्ही निवृत्त झालात, तरी तुमच्या शब्दाला वजन असणारच की! दिल्लीत कुणाला तरी चार ओळी टाका. पोराचं कल्याण होईल. म्हातारा जन्मभर दुवा देईल.”

पलीकडच्या रांगेतून बिवलकर इकडेच पाहत होते. त्यांनी मान किंचित हलविली; ‘हो म्हणून टाका’ अशा अर्थाने. ‘हो’ म्हणण्यास काय लागत होते? म्हातारा तृप्त होऊन परत गेला असता, आणि वर्षभर टपालाची वाट पाहत राहिला असता. नलिनी शशिकांतशेजारी बसून घास देत होती. अक्षता पडून गेल्या होत्या.

“तात्या,” श्यामसुंदर म्हणाला, “माझ्या शब्दाला वजन नाही. मी सरकारात कधीच नव्हतो. एका दुकानात होतो, ते सरकारी आहे असं मला वाटत होतं. त्याआधी बजबजला तागाच्या गाठी तोलत होतो. उद्या तिथंच जाऊन विचारणार आहे, परत घेतात का.”

शेजारच्या दोघातिघांचे हात पानावर थबकले. बिवलकरांनी तोंड फिरविले. तात्या त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले; जणू एखाद्या घरी भलत्याच दारातून आपण शिरलो, हे त्यांच्या आता ध्यानी आले होते.

“असं का,” ते म्हणाले. त्यांनी त्याचा हात सोडला. रागावले नाहीत, काही विचारलेही नाही. दुसऱ्या बाजूस मान वळवून त्यांनी हाक दिली, “अरे, मठ्ठा आणा कुणीतरी इकडं!”

वाढपी दूर होता. श्यामसुंदर उठला. त्याने धोतराचा सोगा खोचला, कोपऱ्यातील मठ्ठ्याचे पातेले उचलले, आणि तात्यांपुढे वाकून, थेंब न सांडता, त्यांची वाटी काठोकाठ भरली. मग तो शेजारच्या पानाकडे वळला. “घ्या,” म्हणाला, “सावकाश घ्या,” आणि तेथून पुढच्या पानाकडे, आणि तेथून पुढच्या.